दुष्काळनिवारणाच्या कामांत तज्ज्ञाचें स्थान
(ओझर येथें वर्गणीदारांच्या सभेंत केलेलें भाषण)



मागील बैठकींत खर्चाचा अंदाज वाचला गेला तेव्हां चारा, पिण्याच्या पाण्याचे टँकर आणि निराधारांसाठीं धान्य या तीन बाबींवर कोणीं चकार शब्द काढला नाहीं. चौथी बाब वाचली जातांच मात्र सभेंत चुळबूळ सुरू झाली. ती बाब ‘पाण्याची मोजणी व तज्ज्ञांचा सल्ला’ ही होय. एका वजनदार सभासदांनीं उभें राहून विचारलें कीं, "वकीलसाहेब, जनावर दावणीला उपाशी उभें आहे, आणि आपण विहिरींत फीत सोडून मापें घेणाऱ्याला पैसे द्यावयाचे म्हणतां, हा कोणता न्याय?" प्रश्न रोखठोक होता आणि तो कृपणपणानें विचारलेला नव्हता, विचारणाऱ्या गृहस्थांनीं चाऱ्यासाठीं स्वतःची गंजी याआधींच मोकळी केली आहे. अशा प्रश्नास दोन वाक्यांत वाटेस लावणें बरें नव्हे, म्हणून आज आपला थोडा वेळ घेत आहों.

प्रथम आमच्या धंद्यांतली एक गोष्ट सांगतों, कारण तज्ज्ञ म्हणजे काय याचा विचार वैद्यांनीं किंवा इंजिनिअरांनीं केला त्याहून अधिक काळजीनें कायद्यानें केलेला आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत ४५ वें कलम होतें. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यांत तेंच कलम ३९ वें झालें आहे. साधा साक्षीदार डोळ्यांनीं पाहिलें तेवढेंच सांगूं शकतो. त्याचें मत कोणी विचारीत नाहीं. ज्यानें एखाद्या शास्त्राचा किंवा कलेचा विशेष अभ्यास केला आहे, त्याचें मत मात्र न्यायासनापुढें येऊं शकतें. येथपर्यंत तज्ज्ञाचा मान मोठा. परंतु तो मान येथेंच संपतो. तें मत न्यायाधीशावर बंधनकारक नसतें. मत कोणत्या आधारावर बनविलें तेंहि त्याला विचारतां येतें. उलटतपासणींत त्याला इतर साक्षीदारांसारखेंच पिंजऱ्यांत उभें राहावें लागतें. हस्ताक्षराचे नामांकित जाणकार अर्ध्या तासाच्या उलटतपासणीनंतर कपाळावरचा घाम पुसतांना आम्हीं पाहिले आहेत. आणि असेहि पाहिले आहेत कीं प्रत्येक प्रश्नागणिक ज्यांचें मत अधिकच पक्कें होत गेलें. दुष्काळाच्या कामांत तज्ज्ञाला जागा द्यावयाची ती याच अटीवर द्यावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे. त्याला वगळूं नये, आणि त्याला उलटतपासणीवांचून सोडूंहि नये.

या दोहोंपैकीं दुसरी गोष्ट विसरल्याने काय होतें, याचें उदाहरण आपल्याच इलाख्यांत घडलेलें आहे. १८७६ सालीं दख्खनचा पाऊस बुडाला व १८७८ पर्यंत मुंबई, मद्रास, म्हैसूर आणि निजामच्या राज्यांत लक्षावधि माणसें मेलीं. त्या वेळीं सर रिचर्ड टेंपल यांच्याएवढा दुष्काळाचा अनुभवी अधिकारी हिंदुस्थानांत दुसरा नव्हता. १८७४ मध्यें बिहारांत त्यांनीं ब्रह्मदेशांतून तांदूळ आणवून लोक वांचविले होते. बक्षीस म्हणून त्यांना उधळेपणाचा ठपका मिळाला. पुढें जानेवारी १८७७ मध्यें व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनीं त्यांना दक्षिणेंत पाठविलें, तें काटकसरीची ताकीद देऊन. टेंपलसाहेबांनीं दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे आजच्या मापानें सुमारें साडेचारशें ग्रॅम, आणि वर किरकोळ पैसे एवढें पुरेसें आहे असें ठरविलें. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसास साडेचारशें ग्रॅम! आपल्यापैकीं ज्यांच्या मळ्यांत गडी आहेत त्यांनीं आपल्या गड्याच्या भाकऱ्या मनांत मोजून पाहाव्या.

येथें ध्यानांत धरण्यासारखी गोष्ट ही कीं, या आंकड्यास विरोध करणाराहि तज्ज्ञच होता. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनीं वैद्यकाच्या आधारें दाखविलें कीं, काम करणाऱ्या शरीरास एवढ्या धान्यावर झीज भरून काढतां येत नाहीं, आणि नुसतें धान्य पुरत नसून त्यास डाळीची जोड पाहिजे. टेंपल यांच्यापाशीं हुद्दा होता, कॉर्निश यांच्यापाशीं मजुरांच्या देहाची साक्ष होती. अखेर त्याच वर्षीं मद्रासेंत हें प्रमाण वाढवावें लागलें. आमच्या मुंबई इलाख्यांत तर मजुरांनींच निकाल दिला. मजुरीची कपात होतांच लोक कामें सोडून मोठ्या संख्येनें निघून गेले. उपाशी माणूस काम टाकून जातो, याहून कडक उलटतपासणी कोणती असूं शकेल?

आणि या सर्व गोष्टी कागदावर कोणीं आणल्या? पुण्याच्या सार्वजनिक सभेनें. ही सभा १८७० मध्यें ज्यांनीं काढली ते गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, धंद्यानें वकील होते. न्यायमूर्ति रानडे यांची बुद्धि सभेच्या पाठीशीं होती. सभेनें ठिकठिकाणीं माणसें पाठवून गांवोगांवची हकीकत मिळविली, भाव, पीक, स्थलांतर, मजुरी यांची माहिती जुळविली आणि ती सरकारपुढें ठेविली. सभेंतील मंडळी कृषिशास्त्री नव्हती, वैद्यहि नव्हती. परंतु तज्ज्ञाला प्रश्न विचारण्यासाठीं स्वतः तज्ज्ञ असावें लागत नाहीं. आपल्या गांवची खरी माहिती हातीं असावी लागते, आणि ती लेखी असावी लागते. आमच्या कमिटीसारख्या संस्थांचें कुळ शोधूं गेल्यास तें तेथें सांपडेल.

त्या दुष्काळानंतर स्ट्रेची साहेबांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन बसलें, १८८० मध्यें त्याचा रिपोर्ट आला, आणि त्यांतून पुढें प्रांतोप्रांतीं फॅमिन कोड झालीं. धान्याचे भाव चढूं लागणें, माणसें भटकूं लागणें, कसोटीखातर काढलेल्या कामावर गर्दी लोटणें, हीं संकटाचीं लक्षणें म्हणून नमूद झालीं. मोठें काम होतें तें. पण पुस्तक कपाटांत राहिलें तर काय उपयोग? १८९६ च्या दुष्काळांत टिळकांच्या ‘केसरी’नें आणि सार्वजनिक सभेनें त्या कोडांतले हक्क शेतकऱ्यांस मराठींत समजावून दिले, तेव्हां कोठें तें खेड्यांत पोंचलें. सरकारनें १८९७ मध्यें सभेची मान्यता काढून घेतली, यावरून तें काम कितपत झोंबलें असेल याचा अंदाज येतो.

व्यापारी बंधूंसाठीं एक उदाहरण बंगालचें. १९४३ मध्यें तेथें जो प्रलय झाला त्यांत सरकारी चौकशी कमिशनच्या हिशेबानेंच सुमारें १५ लक्ष माणसें मेलीं, आणि पुढील अभ्यासकांनीं हा आंकडा याहून पुष्कळच मोठा, ३० लक्षांपर्यंत, धरला आहे. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनीं १९८१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, धान्याची तूट हें या अनर्थाचें मुख्य कारण नव्हतें. युद्धकाळाच्या महागाईनें शेतमजूर, कोळी, कारागीर यांची धान्य विकत घेण्याची ऐपत नाहींशी झाली होती. त्यांच्या या मताविषयीं विद्वानांत वाद आहे, तो आपण येथें मिटविण्याचें कारण नाहीं. मात्र प्रांतांत धान्य किती आहे एवढेंच जो मोजीत बसेल, त्याच्या दृष्टीस मजुराची रिकामी कनवट पडणार नाहीं, हें तर खरें? बाजार समितींतील आवक आणि मजुराच्या हातांतली रोख या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हें आपल्यासारख्या दुकानदारांस उधारीच्या वहीवरून कोणत्याहि पंडिताआधीं कळतें. ती वही हाहि एक पुरावाच आहे, आणि ती आमच्या कमिटीस दाखविण्यास कोणी तयार असल्यास आम्ही आभारी होऊं.

आतां पावसाच्या भाकिताविषयीं. याबाबत लोकांत चेष्टेचा सूर फार आहे. १८७५ मध्यें हवामान खातें निघालें. १८९९ मध्यें खात्यानें बऱ्या पावसाचें भाकीत केलें आणि त्याच वर्षीं पाऊस बुडून मोठा दुष्काळ पडला. या आपत्तीनंतर, १९०४ मध्यें, गिल्बर्ट वॉकर नांवाचे गणिती त्या खात्याचे प्रमुख झाले. त्यांनीं जगभरच्या हवेच्या दाबाचे व पावसाचे आंकडे वर्षानुवर्षें एकमेकांशीं ताडून पाहिले, आणि त्यांतून प्रशांत महासागराच्या दोन टोकांस हवेचा दाब झोंपाळ्यासारखा वरखालीं होतो हा नियम हातीं आला. आज वर्तमानपत्रांतून ‘एल निनो’ हा शब्द वाचून मोंढ्यांत तुरीचा भाव हलतो, त्याचें मूळ तेथें आहे. १९२८ मध्यें खात्याचें ठाणें शिमल्याहून पुण्यास आलें, म्हणून पुणेकर त्या इमारतीस अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. इतकें होऊनहि २००२ मध्यें खात्यानें सर्वसाधारण पाऊस सांगितला आणि देशांत तो १९ टक्के कमी पडला. तर मग भाकीत टाकून द्यावें काय? आमच्या मतें नव्हे. सारा देश मिळून पावसाचें जें अनुमान बांधलें जातें त्यावरून ओझरच्या एका मळ्यांत काय पेरावें हें ठरवूं पाहणें, हीच चूक आहे. अनुमानास किती विश्वास द्यावयाचा हें तें सांगणाऱ्यास विचारावें. जो शास्त्रज्ञ आपल्या अनुमानाची मर्यादा स्वतः होऊन सांगतो तो अधिक भरंवशाचा समजावा.

१९७२ चा दुष्काळ आपल्यापैकीं पिकल्या केसांच्या मंडळींस आठवतो, त्याचें वर्णन करीत नाहीं. मे १९७३ च्या सुमारास राज्यांत दुष्काळी कामांवर ५० लक्षांच्या घरांत माणसें होतीं. मिलोची लाल ज्वारी आणि सुखडी हे शब्द त्या वेळचे. भूकबळी टळले, आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून रोजगार हमीचा कायदा पुढें निघाला, हें महाराष्ट्राला भूषणावह आहे. परंतु घाईनें काढलेल्या कामांत किती पाझर तलाव असे झाले कीं ज्यांच्या पोटांत पाणी ठरेना, किंवा ठरलें तर झिरपेना! माती उचलणारे हात लाखों होते. जागा दाखविणारा डोळा तेवढा नव्हता. आणि याच दुष्काळांत पुण्याचे एक इंजिनिअर, विलासराव साळुंखे, मोजमापाचीं सूक्ष्म उपकरणें बनविणारे कारखानदार, पुरंदर तालुक्यांतील नायगांवास जाऊन बसले. देवस्थानची सुमारें ४० एकर जमीन खंडानें घेऊन त्यांनीं तेथें पावसाचें पाणी अडविलें. पाण्याचा वांटा जमिनीच्या मानानें न देतां माणशीं द्यावयाचा, माणशीं अर्धा एकर, कुटुंबास जास्तींत जास्त अडीच एकर, आणि ऊस लावावयाचा नाहीं, असे नियम पाणी-पंचायतीनें केले. ते नियम कोणास मान्य होवोत वा न होवोत. पण इंचाच्या हजाराव्या भागाचा हिशेब करणाऱ्या माणसानें गावकऱ्यांबरोबर बसून पाण्याचा हिशेब केला, हें त्यांतलें सार आहे.

पण परगांवच्या गोष्टी सांगण्याची गरजच काय? याच ओझरांत त्याहून सरस उदाहरण आहे. बाणगंगेच्या कांठीं बंधाऱ्यांची परंपरा जुनी. पुढें दिंडोरी तालुक्यांत वाघाडचें धरण झालें, कालवे निघाले, आणि आपलें गांव कालव्याच्या शेपटास आलें. शेपूट म्हणजे काय हें सांगावयास नको: पाणी कागदावर येतें, चारीवर येत नाहीं. पाळीपत्रकांत क्षेत्र लिहिलेलें, शेतांत भेगा पडलेल्या. अशा स्थितींत बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनीं समाज परिवर्तन केंद्रातर्फे शेतकऱ्यांस एकत्र आणिलें, आणि १९९०-९१ च्या सुमारास महात्मा फुले, बाणगंगा व जय योगेश्वर या तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पुण्याच्या ‘सोपेकॉम’ संस्थेंतील पाण्याचे जाणकार त्यांच्या सोबतीस आले.

या मंडळींनीं अधिकाऱ्यांशीं भांडण मांडलें असतें तर तें आजवर चाललें असतें, आणि आमच्या धंद्यास बरकतहि आली असती. त्यांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं मोजून पाणी मागितलें. अमुक पिकाला अमुक एकर असा जुना हिशेब सोडून इतके घनमीटर पाणी आमच्या चारीच्या तोंडाशीं मोजून द्या, त्याची पट्टी आम्ही भरतों, आंत तें कसें वांटावयाचें हें आम्ही पाहतों, असा हा करार. इंजिनिअरानें चारीच्या मुखाशीं मोजणीचें साधन बसविलें, पण त्यावरचा आंकडा वाचावयास शेतकरी शिकला. सरकारी नोंद व संस्थेची नोंद शेजारीं शेजारीं ठेवण्याची सोय झाली. ओढ्यानाल्यांच्या बंधाऱ्यांत पाणी सोडून विहिरी जिवंत ठेवण्याचा विचार झाला. कालव्याचें आणि विहिरीचें पाणी एकच आहे, ही गोष्ट कागदावर दोन खात्यांत विभागलेली असते, ती शेतकऱ्यानें जोडून दाखविली. पुढें सबंध वाघाड प्रकल्पावर अशा २४ संस्था झाल्या आणि प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्या हातीं आला. २००५ मध्यें राज्यानें शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा जो कायदा केला, त्याच्या आधीं पंधरा वर्षें ओझर ती वाट चालत होतें. आज आपल्या द्राक्षांच्या पेट्या परदेशीं जातात त्यांत या मोजणीचा वांटा नाहीं असें कोणी म्हणूं शकेल काय?

वास्तविक ओझरच्या माणसाला मोजमापाचें महत्त्व पटवावें लागूं नये. गांवाशेजारीं विमानांचा कारखाना आहे. आपलीं कित्येक मुलें तेथें कामास होतीं व आहेत. गेज लावून पाहिल्याशिवाय तेथें एक खिळा बसत नाहीं. तोच मुलगा संध्याकाळीं घरीं येऊन वडिलांस सांगतो कीं, पाणाड्यानें नारळ उभा राहिलेला दाखविला आहे तेव्हां बोअर येथेंच घेऊं!

बोअरचा विषय आला तो बरें झालें, कारण खरा पेंच तेथें आहे. आपल्या पायांखालचा खडक म्हणजे काळा पाषाण, सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला. वाळूप्रमाणें तो सर्वत्र पाणी धरीत नाहीं. पाणी सांपडतें तें वरच्या मुरुमांत, कुजलेल्या मांजऱ्यांत, भेगांत व थरांच्या सांध्यांत. सांधा लागला तर पाणी, न लागला तर तीनशें फूट खालींहि धूळ. खोल गेल्यानें पाणी वाढतें ही समजूत या खडकास लागूं नाहीं. आणि खोलवर जें पाणी लागतें तें पुष्कळदां शेजाऱ्याच्या उथळ विहिरीचेंच असतें, म्हणजे सुबत्ता निर्माण झालेली नसते, तिचा फक्त सात-बारा बदललेला असतो. पाणाडी असो वा भूवैज्ञानिक, पाणी लागलें नाहीं तरी दोघेहि फी परत करीत नाहींत, ही तक्रार रास्त आहे. फरक इतकाच कीं, भूवैज्ञानिकाला आपण कारण विचारूं शकतों. कोणत्या विहिरींचीं मापें पाहिलीं, खडकाचा कोणता थर कोठें उघडा दिसला, प्रवाह कोणीकडून येतो, हें त्यानें सांगितलेंच पाहिजे. आणि दुसऱ्या भूवैज्ञानिकास तें तपासतां येतें. नारळाची उलटतपासणी कशी घ्यावी हें आम्हांस पंचविशीपासून पन्नाशीपर्यंत वकिली करूनहि उमगलें नाहीं.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींतील पातळी वर्षांतून चार वेळां, जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबरांत, मोजते. हें काम मोलाचें आहे, पण ठरलेल्या विहिरी कांहीं गांवोगांवीं नाहींत. दुष्काळ जाहीर करण्याची रीतहि आतां बदलली आहे. पूर्वीं पीक पाहून पैसेवारी काढीत, ती पन्नास पैशांखालीं गेली कीं टंचाई ठरे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या संहितेनें पावसाची तूट, पेरणी, उपग्रहानें दिसणारी हिरवळ, जमिनींतील ओल, भूजल अशीं परिमाणें घातलीं आहेत, आणि त्यानंतर तालुक्यांतील दहा टक्के गांवांत प्रत्यक्ष पाहणी ठेविली आहे. २०२३ मध्यें याच पद्धतीनें राज्यांत ४० तालुके जाहीर झाले. आपल्या जिल्ह्यांतले मालेगांव, सिन्नर व येवला हे तीन त्यांत होते. पुढें उरलेल्या तालुक्यांतील १,०२१ महसूल मंडळांसहि सवलती द्याव्या लागल्या. यावरून काय दिसतें? आकाशांतून तालुका दिसतो, शिवार दिसत नाहीं. उपग्रहाला द्राक्षबागेची हिरवळ दिसते. ती बाग टँकरच्या पाण्यावर, कर्जानें, जगविलेली आहे हें त्याला कोण सांगणार? जें दहा टक्के गांवांत पाहणीस येतील त्यांच्यापुढें शिवारांतल्या पन्नास विहिरींचीं तीन वर्षांचीं मापें, तारखेसह, ठेवतां आलीं तर तो पुरावा झाला. तें नसेल तर आपण पुढाऱ्यांकडून निवेदन देतों आणि वर्तमानपत्रांत छायाचित्र येतें.

या बाबीस विरोध कां होतो याचें कारण आम्ही जाणतों, आणि तें बोलून दाखविणें प्रशस्त वाटतें. कित्येक बागाईतदारांस भीति वाटते कीं, आज कमिटीनें विहीर मोजली तर उद्यां सरकार येऊन बोअर बंद करील. भीति अगदींच निराधार नाहीं. २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून अमलांत आहे, आणि साठ मीटरपेक्षां खोल विहिरींस शेतीसाठीं त्यांत मनाई आहे. परंतु कायदा मोजणीमुळें लागूं होत नसतो, तो आधींच लागूं आहे. मोजणी नसतांना मात्र होतें असें कीं, ज्याची विहीर आधीं आटते तो लहान शेतकरी आणि जो शेवटपर्यंत उपसूं शकतो तो मोठा, यांच्यांत काय व्यवहार चालला आहे हें कोणासच दिसत नाहीं. तें दिसूं नये अशीच इच्छा असेल तर तसें उघड सांगावें; खर्चाची सबब पुढें करूं नये. हिवरे बाजारच्या ग्रामस्थांनीं पोपटराव पवार यांच्या पुढारीपणाखालीं दर वर्षीं पावसानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून कोणतीं पिकें घ्यावयाचीं तें ठरविण्याची चाल पाडली. शेतीसाठीं बोअर घेणेंहि बंद केलें. तेथील मोठ्या शेतकऱ्यांचें त्यानें वाटोळें झालेलें ऐकिवांत नाहीं.

मूळ प्रश्नाकडे वळतों. जनावर उपाशी असतांना मोजणीला पैसे कां? यास आमचें उत्तर असें कीं, चाऱ्याच्या रकमेंतून एक पैसाहि आम्ही त्याकडे वळवूं इच्छीत नाहीं. आम्ही मागतों तें निराळें मागतों, आणि जुन्या भाषेंत सांगावयाचें तर रुपयामागें दोन आणे मागतों. त्यांतून करावयाचें तें असें. शिवारांतील निवडक विहिरींची पातळी दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेस मोजावी. हें काम हायस्कुलांतील मुलें व शिक्षक करूं शकतील, त्यास फीत व वही एवढेंच लागतें. गांवाच्या चार दिशांस चार पर्जन्यमापकें असावीं, कारण महसूल मंडळाच्या यंत्रावर पडलेला पाऊस आपल्या वरच्या आळीस पडलेला असेलच असें नाहीं. आणि एक भूवैज्ञानिक वर्षांतून दोनदां बोलवावा; तज्ज्ञाविषयीं आमच्या अटी कडक आहेत. त्यानें आपलें मत मराठींत, लेखी, कारणांसह द्यावें. तें चावडीपुढें वाचून दाखवावें. ज्याची विहीर आहे त्यास, मग तो दोन एकरांचा धनी असो कीं दोनशें एकरांचा, प्रश्न विचारण्याची मुभा असावी, आणि प्रश्न व उत्तर दोन्ही वहींत नोंदलीं जावीं. एक वर्षानें तीच वही उघडून त्याचें अनुमान कितपत खरें ठरलें तें पाहावें. जो या अटी मान्य करणार नाहीं त्यास कमिटीनें नारळ द्यावा. देणगीदाराच्या नांवाची पाटी लावण्यासाठीं जे बोअर घेतले जातात त्यांनाहि हाच नियम: पाहणी व लेखी मत असल्याशिवाय कमिटीच्या पैशानें एकहि भोंक पाडलें जाऊं नये. पाटी चाऱ्याच्या छावणीवर लावतां येईल. ती तेथें अधिक लोक वाचतील.

विहिरींचीं मापें कमिटीच्या कचेरींत कोणासहि पाहावयास मिळतील. कोणाची विहीर कोणती, हें नांवानिशीं छापावयाचें कीं नुसत्या क्रमांकानें, हा निर्णय विहीर-मालकांच्या सभेनेंच करावा. आमचें स्वतःचें मत नांवानिशीं छापावें असें आहे, पण त्यासाठीं आम्ही हट्ट धरणार नाहीं.

सभा संपतांच वर्गणीची यादी चिटणीसांच्या टेबलावर ठेविली जाईल. यंदा तिच्यांत दोन रकाने आंखले आहेत, पहिला चारा, पाणी व धान्य यांचा आणि दुसरा मोजणीचा. ज्यांस दुसऱ्या रकान्यांत कांहीं लिहावयाचें नसेल त्यांनीं सर्व रक्कम निःसंकोच पहिल्यांत लिहावी. दोन्ही रकमांच्या पावत्या निरनिराळ्या मिळतील, हिशेबहि निरनिराळे छापले जातील. आणि ज्यांना पैशांऐवजीं आपली विहीर मोजावयास द्यावयाची असेल त्यांच्यासाठीं यादीच्या पाठीमागचें पान कोरें ठेविलें आहे.